सापडलेल्या सायकली, न सापडलेले मालक

पोलीस ठाण्याच्या आवारात भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलींपैकी बऱ्याचशा चोरीच्या असतात आणि त्या सापडलेल्या असतात. चोर पकडला गेलेला असतो, माल जप्त झालेला असतो, पंचांच्या सह्या झालेल्या असतात. तरीही सायकल घरी जात नाही. ती तिथेच दोन-तीन पावसाळे काढते आणि शेवटी इतर लोखंडाबरोबर एकगठ्ठा विकली जाते. तिचा मालक मात्र बहुधा त्याच शहरात असतो, कधी कधी त्याच ठाण्याच्या हद्दीत, आणि ‘गेली ती गेली’ म्हणून केव्हाच पायी जाऊ लागलेला असतो.

सायकल चोराच्या हातून सुटून मालकाऐवजी भंगाराच्या दुकानात का पोहोचते, हे समजून घ्यायचे तर ती ठाण्यात येते तिथपासून सुरुवात करावी लागते.

ठाण्यात सायकल दोन वाटांनी येते. पहिली वाट रस्त्यावरची. रेल्वे स्थानकाबाहेर, बाजारात, पुलाखाली एखादी सायकल आठवडेच्या आठवडे उभी असते. कोणीतरी कळवते, आणि बीटवरचा शिपाई ती उचलून आणतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ या कायद्यात अशा बेवारस वस्तूंसाठी वेगळी कलमे आहेत. पोलिसाने ती ताब्यात घ्यायची, आणि आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर आयुक्तांच्या स्वाधीन करायची. दुसरी वाट गुन्ह्याच्या तपासातून येते. एका चोरीत मुलगा सापडतो, विचारपूस होते, आणि तो पोलिसांना एखाद्या पडक्या खोलीत किंवा दुरुस्तीच्या टपरीमागे घेऊन जातो. तिथे दहा-बारा सायकली निघतात. त्यांतल्या दोन-तीन सायकलींची तक्रार नोंदलेली असते. उरलेल्यांची कुठेच नसते. चोर म्हणतो, ‘या पण मीच उचलल्या.’ कुठून, कोणाच्या, कधी, हे त्याला आठवत नाही, आणि आठवले तरी तो सांगतो त्या जागी आता कोणी वाट पाहत नसते.

या उरलेल्या सायकलींचे भवितव्य पंचनाम्याच्या एका ओळीत ठरून जाते. ती ओळ साधारण अशी असते: ‘एक काळ्या रंगाची जुनी वापरती सायकल, किंमत अंदाजे अमुक रुपये.’ या वर्णनात बसतील अशा हजारो सायकली शहरात असतात. मालकाने कधी तक्रार दिली असेल तर तिच्यातही हीच ओळ असते. दोन कागद दोन ठाण्यांत पडून राहतात, आणि ते एकाच सायकलीबद्दल आहेत हे सिद्ध करणारी एकही गोष्ट त्यांत नसते.

ती गोष्ट सायकलीवर असते. जवळजवळ प्रत्येक कारखान्यात बनलेल्या सायकलीच्या फ्रेमवर एक क्रमांक ठोकलेला असतो. बहुतेक सायकलींवर तो पायडलांचा आस ज्या नळीतून जातो तिच्या खालच्या अंगाला असतो. जुन्या उंच काळ्या सायकलींवर बहुधा सीटखाली. सायकल उलटी करावी लागते, चिखल आणि वंगण पुसावे लागते, कधी काचकागद मारावा लागतो, तेव्हा अक्षरे दिसतात. मोटारसायकल ठाण्यात आली की पहिल्यांदा तिचा चेसिस नंबर बघतात, कारण तो परिवहन विभागाच्या नोंदीत घातला की मालकाचे नाव आणि पत्ता समोर येतो. सायकल ही कायद्याने मोटार वाहन नाही, तिची नोंदणी होत नाही, त्यामुळे तिचा नंबर शोधून काढला तरी तो विचारायचा कोणाला, हा प्रश्न उरतोच. हवालदाराने फ्रेम उलटी करायचे कष्ट घ्यावेत असे त्याला वाटायला काही कारण राहत नाही. इकडे मालकानेही तो नंबर आयुष्यात पाहिलेला नसतो. विक्रीच्या पावतीवर दुकानदार तो लिहितोच असे नाही, आणि पावती जपून ठेवणारे घर विरळा.

एके काळी आपल्याकडे या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर होते. नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. तो हँडलखाली किंवा फ्रेमला लावलेला असे, त्यावर पालिकेचे नाव, वर्ष आणि क्रमांक कोरलेला असे. बिल्ल्याशिवाय सायकल चालवताना पकडले की दंड होई, आणि त्या भीतीने लोक तो मुकाट्याने काढत. उत्पन्न किरकोळ आणि त्रास फार म्हणून तो कर गावोगाव मागे पडला. सायकलस्वारांना त्याचा आनंदच झाला, आणि तो योग्यही होता. गरिबाच्या वाहनावर कर कशाला? पण त्या बिल्ल्याबरोबर सायकल आणि माणूस यांना एका वहीत जोडणारी एकमेव सार्वजनिक नोंदही गेली. कर बंद करून नोंद ठेवता आली असती. ती ठेवावी असे कोणाला सुचले नाही, आणि आज ठाण्याच्या आवारात जे गंजत पडलेले दिसते त्यातला मोठा भाग मला त्या एका दुर्लक्षाचा परिणाम वाटतो.

आता तक्रारीकडे वळू. सायकल चोरीला गेलेला माणूस ठाण्यात जायला कचरतो, हे नवे नाही. पण १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि त्यात एक बदल झाला, ज्याचा सायकलीशी थेट संबंध आहे. चोरी हा पूर्वी सरसकट दखलपात्र गुन्हा होता; पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करायचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आली. आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा. हा विचार चांगला आहे. पोटासाठी पहिल्यांदा हात मारणाऱ्या पोराला तुरुंगात टाकून कोणाचे भले होत नाही. मात्र त्याचबरोबर ही चोरी अदखलपात्र गुन्ह्यांच्या यादीत गेली. अदखलपात्र म्हणजे ठाण्यात एनसी नोंदवली जाते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासाला हात घालू शकत नाहीत.

पाच हजार रुपये ही रेषा कोणावरून जाते ते पाहा. मानव विकास कार्यक्रमातून महाराष्ट्र सरकार शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी अनुदान देते. २०२२ मध्ये ते ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. त्या पैशांत घेतलेली सायकल वर्षभर वापरली की तिची बाजारातली किंमत या रेषेच्या खाली येते. पेपर टाकणाऱ्या मुलाची, रात्रपाळीच्या वॉचमनची, बांधकामावरच्या गवंड्याची सायकल तर आधीपासूनच खाली असते. ज्यांची सायकल गेल्यावर दुसऱ्या दिवसाची कमाई किंवा शाळा बुडते, नेमकी त्यांचीच चोरी कायद्याच्या हिशेबात किरकोळ ठरते. किंमत रुपयांत मोजली की असे होणारच. पण निदान एनसी नोंदवताना फ्रेम नंबर लिहून घेतला जावा, एवढे तरी मागता येते.

जप्त केलेली सायकल मुद्देमाल म्हणून नोंदली जाते. रजिस्टरमध्ये अनुक्रमांक पडतो, गुन्ह्याचा नंबर पडतो, आणि हँडलला सुतळीने एक चिठ्ठी बांधली जाते. दागिने, रोकड, हत्यारे कुलूपबंद खोलीत जातात. सायकलींना खोलीत जागा नसते. त्या जिन्याखाली, भिंतीकडेला, जप्त रिक्षा आणि मोटारसायकलींच्या मागे उभ्या राहतात, आणि दर नव्या जप्तीबरोबर आणखी आत ढकलल्या जातात. पहिल्या पावसात चिठ्ठीवरची शाई जाते. दुसऱ्या पावसात चिठ्ठीच जाते. त्यानंतर कोणती सायकल कोणत्या गुन्ह्यातली, हे सांगणे मुद्देमाल कारकुनालाही कठीण.

सायकलीचा नाश ठरावीक क्रमाने होतो. आधी टायरमधली हवा जाते, आणि सगळे वजन रिमवर येऊन टायरच्या कडा चिरतात. उन्हाने सीटचे आवरण तडकते, ब्रेकचे रबर दगडासारखे कडक होते. साखळीचे तेल धुऊन गेले की तिच्या कड्या एकमेकींत जाम होतात. मग तारा गंजून एकेक करून तुटतात आणि चाक आठाच्या आकड्यासारखे वाकते. फ्रेम सर्वांत शेवटी जाते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट, खाऱ्या हवेत हे सगळे झपाट्याने घडते, सोलापूर-लातूरकडे जरा सावकाश. म्हणजे चालू स्थितीत आलेली सायकल वर्ष-दीड वर्षात फक्त वजनावर विकण्याजोगी उरते, आणि पाच-सातशे रुपयांच्या दुरुस्तीने जी पुन्हा रस्त्यावर आली असती तिला नंतर तेवढीही किंमत येत नाही.

मुद्देमाल सांभाळणारा कारकून या सगळ्याकडे हताशपणे पाहत असतो. त्याच्यावर अन्याय करू नये. बदली झाली की प्रत्येक नोंद नव्या माणसाला मोजून द्यावी लागते, आणि एक वस्तू कमी भरली तर जाब त्याला द्यावा लागतो. आदेशाशिवाय एक घंटीसुद्धा तो कोणाला देऊ शकत नाही. गंजलेला माल त्याला चालतो. कमी भरलेला माल चालत नाही. नियमांनीच त्याला तसे शिकवले आहे.

ही भीती निराधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका खटल्यातून दिसते. गुजरातमधल्या एका पोलीस ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांवर मुद्देमालाच्या जागी नकली वस्तू ठेवल्याचे, ठाण्यातल्या रकमेचा अपहार केल्याचे आणि जप्त मालाचा परवानगीशिवाय लिलाव केल्याचे आरोप होते. ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या २००२ च्या प्रकरणात न्यायालयाने त्या आरोपांच्या पलीकडे जाऊन सबंध देशातल्या मुद्देमालाचा विचार केला. माल ठाण्यात साठवत राहिल्यानेच असे प्रकार होतात. तेव्हा त्याचे फोटो काढा, सविस्तर पंचनामा करा, मालकाकडून बंधपत्र घ्या आणि वस्तू त्याच्या हवाली करा. वाहने वर्षानुवर्षे ठाण्यात ठेवून काहीच साधत नाही, आणि ज्यांच्यावर कोणी दावा सांगत नाही त्यांचा न्यायालयाच्या आदेशाने लिलाव करता येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निकालानंतर मोटारी आणि मोटारसायकलींचे अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे भराभर येऊ लागले, कारण त्यांच्यामागे मालक, बँका आणि विमा कंपन्या होत्या. सायकलीमागे यांपैकी कोणीच नव्हते.

मालक न सापडलेल्या वस्तूंसाठी कायदा सहा महिन्यांची मुदत देतो. ही मुदत आजची नाही. १८६१ च्या पोलीस कायद्यातच ती आहे. दंडाधिकाऱ्यांनी वस्तूंचे वर्णन देऊन जाहीरनामा काढायचा, आणि ज्याचा हक्क असेल त्याने सहा महिन्यांत येऊन तो सिद्ध करायचा. कोणी आले नाही तर वस्तू सरकारच्या ताब्यात, विक्रीयोग्य. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४५७ आणि ४५८ हीच व्यवस्था सांगत होती. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलम ५०३ आणि ५०४ मध्ये आहे. घोडे आणि छकडे होते तेव्हाची मुदत मोटारींच्या काळातही तशीच राहिली.

त्या कलमांच्या शेजारी एक छोटे कलम आहे, आणि सायकलीच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे. मालक अज्ञात आहे आणि वस्तू नासणारी आहे, किंवा विकण्यात मालकाचेच हित आहे, किंवा वस्तूची किंमत ठरावीक रकमेपेक्षा कमी आहे, तर दंडाधिकारी सहा महिने न थांबता केव्हाही विक्रीचा आदेश देऊ शकतात. ही ठरावीक रक्कम १९७३ मध्ये दहा रुपये होती. २००५ च्या दुरुस्तीने ती पाचशे झाली. दहा रुपयांत सायकल कधीच येत नव्हती, आणि २००५ मध्ये पाचशे रुपयांत धड जुनी सायकल मिळाली नसती. त्यामुळे हे कलम सायकलीच्या कधी उपयोगी पडलेच नाही. नव्या संहितेच्या कलम ५०५ मध्ये ही रक्कम दहा हजार रुपये झाली आहे. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुसंख्य सायकली आता या मर्यादेत येतात. ठाणे अंमलदाराने वेळेवर अहवाल दिला आणि दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला, तर सायकल टायरमध्ये हवा असतानाच विकता येईल. मालकाचेही यात काही बुडत नाही, कारण विक्रीतून आलेल्या निव्वळ रकमेला जाहीरनाम्याची तीच कलमे लागू होतात. तो नंतर उभा राहिला तर वस्तूऐवजी पैशांवर हक्क सांगू शकतो.

खटला चालू असलेल्या मालासाठीही याच संहितेच्या कलम ४९७ मध्ये आता वेळापत्रक आहे. न्यायालयाने चौदा दिवसांत वस्तूचे वर्णनपत्र तयार करायचे, फोटो किंवा व्हिडिओ काढून घ्यायचा, आणि त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. पुरावा म्हणून फोटो चालतो. सायकल साक्षीला उभी राहण्याची गरज उरत नाही.

लिलाव कसा होतो? आधी यादी होते, पंचांसमोर किंमत ठरवली जाते, आदेश मिळतो. मग वर्तमानपत्रात छोटी जाहीर सूचना येते आणि ठाण्याच्या फलकावर कागद लागतो: अमुक दिवशी अमुक वाजता, जसे आहे तसे, जिथे आहे तिथे. बोली लावणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचे, अनामत भरायची. सकाळी माणसे जमतात. ती बहुतेक एकमेकांना ओळखणारी भंगार व्यापारी मंडळी असतात. बोली नगावर क्वचित, ढिगावर जास्त होते: चाळीस मोटारसायकली आणि त्यांच्या खाली अडकलेल्या सायकली, सगळे मिळून एक बोली. सर्वांत मोठ्या आकड्याला मंजुरी मिळते, पैसे भरले जातात, ते सरकारी तिजोरीत जमा होतात, आणि दिलेल्या मुदतीत ट्रक येऊन माल उचलतो.

ढिगाने विकणे पोलिसांना सोयीचे आहे. एका पावतीत आवार मोकळे होते. पण त्यामुळे ज्याला एकच सायकल हवी आहे तो माणूस लिलावाच्या बाहेर राहतो. शेजारच्या वस्तीतल्या विद्यार्थ्याने आठशे रुपये देऊन जी आनंदाने नेली असती ती सायकल किलोच्या भावाने भट्टीकडे जाते. चालण्याजोग्या सायकली वेगळ्या काढून एकेक विकाव्यात, त्यासाठी सुटीचा दिवस निवडावा, आणि प्रत्येक पावतीवर फ्रेम नंबर लिहावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. पावतीला फार महत्त्व आहे, कारण चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. उद्या कोणी ‘ही माझी सायकल’ म्हणाला तर घेणाऱ्याजवळ दाखवायला लिलावाची नंबरासह पावतीच असायला हवी.

हा प्रश्न इतर देशांनी वेगवेगळ्या टोकांनी धरला आहे. इंग्लंडमध्ये १८९७ चा पोलीस मालमत्ता कायदा आहे. मालक न सापडलेला माल विकून येणारा पैसा एका निधीत जातो आणि त्यातून धर्मादाय कामांना मदत होते. अमेरिकेत काही माजी पोलीस अधिकाऱ्यांनी १९९९ मध्ये इंटरनेटवर लिलाव करणारी कंपनी काढली, आणि अनेक शहरांची पोलीस खाती आपल्या गोदामातल्या सायकली तिच्याकडे देऊ लागली. घरबसल्या कोणालाही एका सायकलीवर बोली लावता येते.

जपानने मात्र सुरुवातीच्या टोकाला हात घातला. रेल्वे स्थानकांबाहेर सोडून दिलेल्या सायकलींनी तिथली शहरे इतकी गांजली की १९८० मध्ये सायकलींसाठी स्वतंत्र कायदा झाला. १९९३ मध्ये त्यात सुधारणा होऊन प्रत्येक सायकलीची चोरी-प्रतिबंधक नोंदणी बंधनकारक झाली, आणि पुढच्या वर्षापासून ती लागू झाली. ग्राहक सायकल घेतो तिथेच, दुकानात, थोडे शुल्क भरून नोंद करतो. फ्रेमवर क्रमांकाची पट्टी चिकटवली जाते आणि नाव-पत्ता त्या प्रांताच्या पोलिसांकडे जातो. नोंद केली नाही म्हणून दंड नाही. रात्री दिवा न लावता जाणाऱ्या सायकलस्वाराला थांबवले की पोलीस आधी ती पट्टी पाहून नोंद तपासतात. बेवारस सायकल पालिकेने उचलली की मालकाला कळवता येते, आणि तो शुल्क भरून ती सोडवतो. न सोडवल्यास जाहीर सूचनेनंतर सहा महिन्यांनी ती पालिकेच्या मालकीची होते. सहा महिने तिथेही आहेत, पण त्या सहा महिन्यांत पत्र कोणाला पाठवायचे हे पालिकेला ठाऊक असते.

आपल्याकडे अशी नोंद होईल तेव्हा होवो. तोवर मालकाच्या हातात जे आहे ते असे. सायकल आज उलटी करून फ्रेम नंबर वाचावा, मोबाइलवर त्याचा आणि पूर्ण सायकलीचा फोटो काढावा, पावती असल्यास तिचाही. चोरी झाल्यास किंमत कितीही कमी असो, तक्रारीत हा नंबर लिहायला लावावा आणि प्रत घ्यावी. ती फुकट मिळते. काही आठवड्यांनी आपल्या आणि शेजारच्या ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे चौकशी करावी, आणि वर्तमानपत्रातल्या बेवारस मालाच्या जाहिराती वाचाव्यात. सायकल ओळखली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे साधा अर्ज करावा. ते मालकीचा पुरावा पाहतात आणि बंधपत्रावर सायकल ताब्यात देण्याचा आदेश देतात. खटला चालू असेल तर ती विकायची नाही, अशी अट घालतात. मुदत उलटून सायकल सरकारजमा झाली असेल, तर त्या आदेशाविरुद्ध अपील करता येते. मुदतीच्या आतच तिची विक्री झाली असेल, तर त्याच अर्जात सायकलीऐवजी विक्रीची रक्कम मागावी.